पिंपातली रायफल

खाण बंद पडली तेव्हा रायनो हौतालाने आधी गाय विकली आणि मग बापाची रायफल. गाय लांबच्या कुणी माणसाने नेली, ती पुन्हा नजरेला पडली नाही. रायफल मात्र बायकोच्या भावाने, वायनोने घेतली. वायनोला रेल्वेत पक्की नोकरी होती आणि तो दर रविवारी जेवायला घरी यायचा. रायफल नेताना तो म्हणाला होता, "माझ्याकडे राहिली म्हणजे घरातच राहिली की." बोलला ते चांगल्या मनानेच. तरी रायनोची कानशिलं तापली होती.

उन्हाळाभर रायनोने एका ठेकेदाराकडे कागदाच्या गिरणीसाठी ओंडके कापले. ऑक्टोबर सरत आला, तळ्याच्या काठाने पातळ बर्फ धरलं, आणि ठेकेदारानेही माणसं कमी केली. कमी केलेल्यांत रायनो होता.

आमच्याकडे, अमेरिकेच्या या उत्तर टोकाला, नोव्हेंबरच्या मध्यावर हरणाच्या शिकारीचा हंगाम उघडतो. एका परवान्याला एक बिल्ला, एका बिल्ल्याला एक नर. चांगला भरलेला नर मिळाला की बायका त्याचं मांस शिजवून बरण्यांत भरतात आणि थंडी ओसरेपर्यंत घरात कालवण असतं. खाण चालू होती तेव्हा ही शिकार हौसेची होती. यंदा तसं नव्हतं. रायनोच्या बायकोने, लेम्पीने बरण्या धुऊन तळघरात उपड्या घालून ठेवल्या होत्या, आणि त्या तशा का ठेवल्यात हे दोघांनाही विचारावं लागत नव्हतं.

"वायनोकडून माग ना चार दिवस," लेम्पी म्हणाली. ती बटाटे सोलत होती.

"आणि तो काय काठी घेऊन जाईल? त्यालाही शिकार करायचीय."

"मग कशाने मारणार? दगडाने?"

"त्रुडेलच्या दुकानात सैन्यातल्या जुन्या रायफली आल्यात. पिंपभर. स्वस्त आहेत."

लेम्पीने सोललेला बटाटा पाण्यात टाकला. "स्वस्त म्हणजे केवढ्याला ते मला सांगू नकोस," ती म्हणाली. "घेऊन ये."

त्रुडेलचं दुकान हार्डवेअरचं. खिळ्यांची खोकी आणि बर्फाची फावडी यांच्या मधे ते पिंप ठेवलं होतं, खारवलेल्या मासळीचं असतं तसं. त्यात रायफली नळ्या वर करून दाटीने उभ्या होत्या. प्रत्येकीवर पिवळट ग्रीसचा जाड थर, त्यात लाकडाचा भुसा चिकटलेला. रायनोने एक उपसून काढली तर तिच्याबरोबर दुसऱ्या दोन निघाल्या आणि खणखणाट करत फरशीवर पडल्या.

दुकानाच्या शेगडीजवळ दोघेजण बसून होते. खाणीतलेच, ओळखीचे.

"केरसुणी पाहिजे होय रे रायनो?" एकजण म्हणाला.

"लेम्पीने अंगण झाडायला लावलंय वाटतं," दुसरा म्हणाला.

रायनो हसला. पडलेल्या रायफली उचलून त्याने पुन्हा पिंपात घातल्या. हाताला ग्रीस लागलं होतं. ते कुठे पुसावं कळेना, म्हणून हात अंगापासून लांब धरून तो तसाच उभा राहिला. त्रुडेलने काउंटरवरून फडकं फेकलं.

"ती घे, डावीकडची," त्रुडेल म्हणाला. "रशियाची बनावट. तुमच्या फिनलंडवाल्यांनी लढाईत त्यांच्याकडून हिसकावून घेतलेली. हा बघ शिक्का."

नळीच्या मुळाशी लहानसा चौकोन होता आणि त्यात दोन अक्षरं. रायनो स्वतः फिनलंडला कधी गेला नव्हता. आईबाप तिथून आलेले, एवढंच. पण शिक्का पाहून त्याला जरा आधार वाटला. नुसती स्वस्त म्हणून घेतली असं नाही, असं आता स्वतःला सांगता आलं असतं. त्रुडेलने गजाला चिंधी बांधून नळीतून फिरवली आणि रायफल खिडकीकडे धरली. आतले आटे उजळ होते.

"आणि काडतुसं?" त्रुडेलने विचारलं.

त्याने काउंटरवर दोन तऱ्हा ठेवल्या. एक तपकिरी कागदात बांधलेला सैन्यातला पुडा. त्यातल्या गोळ्या टोकापर्यंत तांब्याच्या कवचात, टोकदार. दुसरा नवा छापील खोका. त्यातल्या गोळ्यांची टोकं उघडी, मऊ शिशाची. खोका पुड्याच्या कितीतरी पट महाग होता.

"हरणासाठी ही," त्रुडेलने खोक्यावर बोट ठेवलं. "ही आत गेली की फुलते, जनावर जागेवर बसतं. सैन्याची फुलत नाही, सुईसारखी आरपार जाते. हरीण मरतं, पण कुठेतरी लांब जाऊन मरतं. तुझ्या हाती काय लागणार?"

शेगडीजवळचे दोघे इकडे वळले होते. ऐकत होते.

"मऊ टोकाच्या आहेत घरी," रायनो म्हणाला. "वायनोने मागवून दिल्यात. हा पुडा नुसता नेम बसवायला."

त्रुडेलने त्याच्याकडे पाहिलं, मग पुडा कागदात गुंडाळला. "नेम बसवायला," तो म्हणाला. "बरोबर आहे."

रायफलीचं ग्रीस काढायला चांगली धग लागते. शनिवारी सकाळी रायनोने सौना तापवली. ही आमच्या अंघोळीची लाकडी खोली, परसात असते. आत दगड तापवून वाफ घ्यायची. रायफल त्याने वरच्या फळीवर आडवी ठेवली. गरमीने दस्त्याचं लाकूड पाझरायला लागलं. वर्षानुवर्षं मुरलेलं ग्रीस थेंबाथेंबाने वर यायचं, रॉकेलच्या चिंधीने तो पुसायचा, पुन्हा यायचं. दुपारपर्यंत हेच चाललं. त्याच्या नखांत, भुवयांत वास बसला.

लेम्पीने दार उघडलं आणि नाकाला पदर लावावा तसा एप्रन लावला. "अरे देवा! संध्याकाळी पोरींना इथंच न्हायला घालायचंय मला!"

"दार उघडं ठेवतो. जाईल वास."

वास गेला नाही. रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावरच्या बाईने दोनदा नाक ओढलं आणि मुलीला कुजबुजून काहीतरी विचारलं. रायनोच्या दोन्ही पोरी, हेल्मी आणि धाकटी ऐली, धुतलेल्या केसांच्या वेण्या घालून पुढे ताठ बसल्या होत्या. रायनो प्रार्थनेच्या पुस्तकातून वर बघत नव्हता.

त्या आठवड्यात ओढ्याकाठी फळी उभी करून त्याने नेम पाहिला. खांद्याला दणका बसायचा आणि गोळी ठरवल्याहून वर जायची. खाली धरायचं, हे त्याने मनात पक्कं केलं. जवळ जाऊन पाहिलं तर फळीला बारीक, गोल भोकं पडली होती, सुताराच्या सामत्याने पाडल्यासारखी. फळीमागचा ओंडकाही गोळीने आरपार केला होता. रायनोने भोकावर बोट ठेवलं. करंगळीचं टोकही आत जाईना. काम साफ दिसत होतं. इतकी ताकदीची गोळी हरणाला का पुरणार नाही, असं त्याला खरंच वाटलं. निदान तसं वाटून घ्यायला ती फळी उपयोगी पडली.

शिकारीचा कॅम्प सासऱ्याचा होता. काल्ले, लेम्पीचा बाप, सत्तरी ओलांडलेला. खाणीतली कुदळ सोडल्यावर त्याने जंगलात ओंडक्यांची ही झोपडी स्वतःच्या हाताने उभी केली होती. तिथे दर वर्षी चौघे जमायचे: काल्ले, त्याचा जुना जोडीदार अर्वो, वायनो आणि रायनो. कॅम्पच्या भिंतीवर सदऱ्यांच्या शेपट्या, म्हणजे पाठीकडचे खालचे तुकडे, ठोकलेल्या होत्या. ज्याचा नेम चुकला त्याच्या सदऱ्याची शेपटी कापायची, तिच्यावर नाव घालायचं आणि भिंतीला ठोकायची, ही रीत. काल्लेचीही एक होती, रंग उडून पांढरी झालेली.

दुसरी रीत भिंतीवर नव्हती. हरीण नुसतं जखमी झालं, तर सगळ्यांनी आपापली शिकार सोडायची आणि रांग धरून त्याला शोधायचं. सापडेल त्या अवस्थेत ज्याने मारलं त्याने आपला बिल्ला त्याला बांधायचा. मग त्याची त्या सालची शिकार संपली.

"रशियाची बंदूक, फिनलंडचा शिक्का आणि अमेरिकेचा बेकार," वायनोने रायफल हातात घेऊन म्हटलं. "तीन सैन्यं घेऊन आलाय गडी! हरणांनो, शरण या!"

अर्वो खोकेपर्यंत हसला. वायनोच्या मांडीवर रायनोच्या बापाची रायफल होती. तिच्या दस्त्याला बापाच्या गालाने पडलेली झिलई दिव्यात चमकत होती.

काल्लेने नवी रायफल घेतली, बोल्ट मागेपुढे केला, नळीला नाक लावलं. "साफ केलीस चांगली," तो म्हणाला. "गोळ्या कसल्या आहेत?"

"मऊ टोकाच्या, बाबा."

काल्लेने मान हलवली आणि रायफल परत दिली. दाखव म्हणाला नाही. जावयाला काडतुसं काढून दाखव म्हणणारा तो माणूस नव्हता.

हंगाम उघडला त्या दिवशी आभाळ खाली आलं होतं. रायनो सीडरच्या झाडांनी भरलेल्या दलदलीच्या तोंडाशी, पडलेल्या झाडावर बसला. पायांची बोटं आधी दुखली, मग कळेनाशी झाली. सकाळ बरीच वर आली तेव्हा डावीकडे काही हललं. नर होता, रुंद शिंगांचा, मान फुगलेली. हुंगत हुंगत आडवा चालला होता. रायनोने नेम खाली धरला आणि चाप ओढला.

नर पाठ वाकवून उडाला. पोटात दुखल्यावर माणूस वाकतो तसा वाकला आणि शेपटी खाली दाबून दलदलीत घुसला. शेपटी खाली म्हणजे लागलं, हे रायनोला माहीत होतं. दुसरी गोळी भरेपर्यंत झाडी बंद झाली होती.

तो जागेवर गेला. बर्फावर कातरलेले चार केस होते. पुढे मसुरीच्या दाण्याएवढा रक्ताचा थेंब. मग बऱ्याच अंतरावर आणखी एक. फुललेल्या गोळीने रस्ता लाल केला असता. हे भोक चरबीने आतूनच बुजत होतं. तो वाकून, रांगून, फांद्यांखालून जात राहिला. टोपी अडकून पडली, गुडघ्यापर्यंतचं काळं पाणी बुटात शिरलं. थेंब थांबले. नुसते खूर राहिले. मग बर्फ पडायला लागलं, दाट, आणि खुरांचे ठसे त्याच्या डोळ्यांदेखत भरून गेले.

आता कॅम्पवर जाऊन सांगायचं, चौघांनी उतरायचं, हेच करायला हवं होतं. चौघांना ते सापडलंही असतं. मग काल्लेने ते उलटून पाहिलं असतं आणि भोकाला बोट लावलं असतं. रायनो दलदलीच्या काठी उभा राहिला. बुटातलं पाणी गार झालं होतं. तो शेवटी चालायला लागला, तेव्हा काय सांगायचं ते ठरलं होतं.

कॅम्पच्या दारात खांबाला नर लटकत होता. वायनोने मारलेला. एका गोळीत.

"तुझा बार ऐकला मी!" वायनो ओरडला. "कुठाय?"

"चुकला," रायनो म्हणाला.

"चुकला?"

"वर गेली गोळी. ही रायफल वर मारते."

"तीन सैन्यं हरली!" अर्वोने टाळी वाजवली. "आणा रे कात्री!"

रायनोला स्टुलावर उभं केलं. वायनोने सदरा विजारीतून ओढून काढला. लाल-काळ्या चौकड्यांचा लोकरी सदरा, लेम्पीने त्याच हिवाळ्यासाठी शिवलेला. कात्री बोथट होती. कापड चघळल्यासारखं कापलं गेलं. पाठीला गार हवा लागली. सगळे हसत होते, आणि रायनोही हसत होता. हसताना त्याला इतकं हलकं वाटलं की त्याचीच त्याला किळस आली. अर्वोने शेपटीवर कोळशाने नाव घातलं. काल्ले चुलीपाशी कॉफी गाळत होता. त्याने रायनोच्या बुटांकडे पाहिलं. लोकरी मोजे गुडघ्यापर्यंत चिखलाने काळे होते.

दुसऱ्या दिवशी रायनो पुन्हा दलदलीत गेला. काही मिळालं नाही. तिसऱ्या दिवशी तो निघाला तेव्हा काल्लेनेही कोट चढवला.

"तुम्ही कुठे, बाबा? गुडघे दुखतील."

"दुखू देत."

म्हातारा पुढे चालला. कुठे जायचं ते त्याने विचारलं नाही. पडलेल्या झाडापाशी आला, उजवीकडे वळला आणि ज्या वाटेने रायनो रांगला होता त्याच वाटेने शिरला. मोडलेल्या फांद्या अजून तशाच लोंबत होत्या.

"ज्याचा नेम चुकला," काल्ले मागे न बघता म्हणाला, "तो ठसे बघतो, शिव्या घालतो आणि परत फिरतो. एवढ्या आत येत नाही."

रायनो फांद्या बाजूला सारत त्याच्या मागून चालत राहिला.

पुढे डोमकावळ्यांचा आवाज आला. सीडरच्या बुंध्याशी हरीण पडलं होतं. कोल्ह्यांनी मागच्या दोन्ही मांड्या खाल्ल्या होत्या, पोट फाडलं होतं. डोळा नव्हता. आसपासचं बर्फ तुडवून मऊ झालेलं, त्यात हरणाने एका जागेहून दुसऱ्या जागी बसल्याच्या खुणा, प्रत्येकीत थोडं वाळलेलं रक्त. लगेच मेलं नव्हतं. आंबट वास येत होता.

काल्ले कष्टाने गुडघ्यावर बसला. हातमोजा काढून त्याने फासळ्यांच्या मागे केस बाजूला केले. बारीक गोल भोक. मग धड उलटवलं. दुसऱ्या बाजूला तसंच.

"सैन्याची," तो म्हणाला.

"पैसे नव्हते, बाबा."

"मला मागायचे."

"तुमच्याकडे कसे मागणार?"

काल्लेने मूठभर बर्फ उचललं. त्याने हात पुसत तो म्हणाला, "माणसाला ती गोळी लागली, की त्याचे सोबती त्याला उचलायला येतात. ह्याला कोण येणार होतं? आपणच. चौघं आलो असतो तर पहिल्याच संध्याकाळी ह्याचं दुखणं संपलं असतं. मांसही मिळालं असतं."

रायनोच्या टोपीला बिल्ला टाचलेला होता. पत्र्याची ती पट्टी वाऱ्याने टिकटिक वाजत होती.

"काढ," काल्ले म्हणाला. "बांध त्याला."

"ह्याच्यावर आहे काय आता?" रायनोचा आवाज चढला. "बांधला की माझी शिकार संपली. पोरींना काय घालू, हा बिल्ला? तुमच्याच नाती आहेत त्या."

"ठाऊक आहे मला कुणाच्या त्या."

काल्ले उठायला लागला. रायनोने हात पुढे केला, तो म्हाताऱ्याने धरला नाही. झाडाला धरून उठला. बराच वेळ धापा टाकत उभा राहिला.

"मी कुणाला सांगायचो नाही," तो शेवटी म्हणाला. "लेम्पीलाही नाही. तू आणि तुझा बिल्ला." आणि आला होता त्या वाटेने तो परत निघाला.

रायनोने टोपी काढली. बिल्ला उघडला, हातात धरला. हरणाच्या शिंगापर्यंत त्याचा हात गेला. शिंग गार आणि खरखरीत होतं. वरच्या फांदीवर कावळे वाट बघत होते. मग त्याने बिल्ला पुन्हा टोपीला टाचला, टोपी कानांपर्यंत ओढली आणि दलदलीतून दुसऱ्या बाजूने बाहेर पडला. काल्लेच्या पावलांमागून जायला नको म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी वायनोने बापाची रायफल त्याच्यापुढे धरली. "घे. माझं झालं यंदाचं. ती तुझी तोफ राहू दे खुंटीला. तुझ्या हातातली आहे ही."

"नको रे."

"घे म्हणतो ना! लाजतोस काय बाईसारखा?"

रायनोने घेतली. दस्ता गालाला बरोबर बसला. दुपारच्या आत त्याने टेकडीवर एक भरलेला नर मारला. तो चार पावलंही गेला नाही. आतडी काढताना गरम वाफ तोंडावर आली आणि हात कोपरापर्यंत ऊबदार झाले. त्याने शिंगाला बिल्ला बांधला. गाठ पक्की बसली.

कॅम्पवर आरडाओरडा झाला. अर्वोने पाठ थोपटली. "ही खरी गोष्ट! हरवलेली अब्रू परत आणलीस गड्या!"

काल्ले बाहेर आला. खांबाला चढवलेल्या हरणाभोवती एक फेरी मारली. "चांगला आहे," तो म्हणाला. "चरबी आहे."

कॅम्प ज्याचा त्याला प्रत्येक शिकारीतली एक मागची मांडी द्यायची, असं ठरलेलं होतं. रायनोने ती सगळ्यांत आधी सोडवली, कापडात बांधली आणि काल्लेच्या ट्रकमध्ये ठेवली. घरी येऊन त्याने स्वतःच्या गाडीतून सामान उतरवलं, तेव्हा ते कापडातलं गाठोडं त्याच्या पोत्यांच्या खाली होतं.

"चुकलास होय पहिल्यांदा?" लेम्पीने कापलेला सदरा हातात धरून हसत विचारलं.

"चुकलो."

"असू दे. मिळालं ना शेवटी." ती दोन दिवस मांस कापत होती, बरण्या उकळत होती. घराच्या खिडक्या वाफेने पांढऱ्या झाल्या. ती गुणगुणत होती. उन्हाळ्यापासून रायनोने ते ऐकलं नव्हतं.

रविवारी काल्ले आणि वायनो जेवायला आले. लेम्पीने मोठ्या तव्यात कांद्याबरोबर मांस परतलं होतं. उकडलेले बटाटे, राईचा पाव, लोणी. ती बापाच्या ताटात वाढायला वाकली, तर काल्लेने ताटावर हात धरला.

"नको, पोरी. बटाटे दे."

"का? तुमच्यासाठी मऊ केलंय."

"दात दुखतोय."

धाकटी ऐली पावाचा घास तोंडात तसाच ठेवून म्हणाली, "पण आजोबा, तुमचे दात तर ग्लासात काढून ठेवता! ते कसे दुखतील?"

वायनो टेबलावर हात आपटून हसला. "पकडलं बघा नातीने! आणि बाबा, काल माझ्याकडचं मांस दोनदा मागून घेतलंत तेव्हा कुठे होता दात?"

पोरीही हसल्या. काल्लेही हसला. त्याने बटाटा काट्याने फोडला, त्यावर लोणी ठेवलं आणि ते वितळेपर्यंत तो त्याच्याकडेच बघत राहिला.

लेम्पी हसली नाही. तवा दोन्ही हातांनी धरून ती उभी होती. तिने बापाच्या ताटाकडे पाहिलं. नंतर बराच वेळ नवऱ्याकडे. रायनोला वाटलं, आता विचारेल. तिने विचारलं नाही. ती टेबलाला वळसा घालून त्याच्या बाजूला आली.

"तुला वाढू?" तिने विचारलं.

पोरी खात होत्या. वायनो दुसरा पाव कापत होता. काल्लेने मान वर केली नव्हती.

रायनोने ताट पुढे केलं.